अंडकोषातील गाठ व तपासणीचे आकडे

आपल्या व्यापारी कुटुंबांत खोकला झाला तर चार जण काढा सुचवितात. परंतु अंडकोषात गाठ हाताला लागली तर तरुण मुलगा ती सख्ख्या वडिलांनाही सांगत नाही. "हंगाम उरकू द्या, मग पाहू," असे तो मनाशी ठरवितो आणि महिने निघून जातात. ज्या रोगात वेळेवर गेलेला रुग्ण बहुधा बरा होतो, त्यातच हा संकोच प्राणावर बेतू शकतो. म्हणून हा विषय या स्मरणिकेत, कुटुंबातील सर्वांसमोर, मांडणे मला उचित वाटते.

प्रथम धीराची गोष्ट. अंडकोषाची प्रत्येक सूज कर्करोगाची नसते. पुष्कळदा वृषणाभोवती पाणी साचते. त्यास आपण हायड्रोसील म्हणतो. विदर्भात हत्तीरोगाच्या प्रादुर्भावामुळे तो विकार जुन्या पिढीच्या चांगलाच परिचयाचा आहे. कधी शिरा फुगतात, कधी जंतुसंसर्ग होतो. मात्र एकाएकी तीव्र वेदना उठली तर वृषणास पीळ पडलेला असू शकतो. तेथे सकाळची वाट न पाहता सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते.

कर्करोगाची गाठ बहुधा खुद्द वृषणात असते, कठीण असते व दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ती फसविते. हा रोग आपल्या देशात विरळ आहे. पण तो म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वर्षांच्या तरुणांस अधिक गाठतो. बालपणी ज्याचे वृषण खाली उतरले नाही, त्यास धोका अधिक असतो. म्हणून मातांनी तान्ह्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट डॉक्टरांकडून अवश्य पाहून घ्यावी.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. ती वेदनारहित असून गाठ पाण्याची की भरीव, वृषणाच्या आत की बाहेर, हे दाखविते. आपण गोणीत परखी खुपसून नमुना काढतो. येथे मात्र तसे करीत नाहीत. अंडकोषातून सुई टोचल्यास रोग पसरण्याचे भय असते. म्हणून संशय बळकट असल्यास जांघेतून छेद घेऊन ते वृषण पूर्ण काढतात आणि मगच त्याची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा होते. दुसरे वृषण निरोगी असले तर पौरुष व संतती यांस सहसा बाध येत नाही. तरीही उपचारापूर्वी वीर्य साठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांस विचारावे.

यानंतर रक्ताचे तीन आकडे हाती येतात: एएफपी, बीटा-एचसीजी व एलडीएच. अहवालात एखाद्या आकड्यापुढे खूण दिसली की घरात रडारड होते. परंतु एएफपी यकृताच्या विकारातही वाढते आणि एलडीएच तर अनेक कारणांनी वाढते. उलटपक्षी, तिन्ही आकडे सामान्य असूनही कर्करोग असू शकतो. तेव्हा "रक्त चांगले आले" म्हणून गाठ विसरू नये.

एका दिवसाच्या भावावरून आपण बाजाराची चाल ठरवीत नाही. येथेही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतर एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मे व्हावे, बीटा-एचसीजी त्याहून लवकर, एकदोन दिवसांत. आकडे या चालीने उतरले तर समाधान; अडून राहिले किंवा चढले तर रोग अन्यत्र उरला आहे असा संशय घेऊन पुढील उपचार करतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवाल जपून ठेवावा व शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. रोग पोटात वा छातीत पोहोचला आहे काय, हे सीटी स्कॅन सांगतो.

आणि पोहोचला असला तरी आशा सोडण्याचे कारण नाही. 1965 साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांस प्लॅटिनम धातूच्या संयुगाचा जंतूंच्या वाढीवरील परिणाम प्रयोगात दिसला. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध पुढे आले. 1974 साली डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते अन्य औषधांसह या रोगावर योजिले. आज दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. आपले क्रिकेटपटू युवराज सिंग यांची गाठ दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत होती, परंतु जातीने याच कुळातली. 2012 साली इंडियानापोलिस येथे त्याच डॉ. आइनहॉर्न यांच्याकडे त्यांनी उपचार घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते पुन्हा भारतासाठी मैदानात उतरले.

पांढुर्णा-सौंसरच्या मंडळीस नागपूर दूर नाही. संत्र्याच्या सौद्यासाठी आपण तेथे सहज जातो. तसेच निःसंकोच तेथील मोठ्या रुग्णालयांतही जावे. तरुणांनी महिन्यातून एकदा, ऊन पाण्याच्या स्नानानंतर, दोन्ही बाजू बोटांनी चाचपून पाहाव्यात. नवी गाठ, जडपणा वा फरक आढळल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांस दाखवावे. आणि वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे की, मुलाने ही गोष्ट सांगितली तर त्यास लाजवू नये. गल्ला दुसऱ्याकडे सोपवून त्याच्याबरोबर जावे.