शाळा दूर गेली, तर आधी गळेल ती आपली लेक!

डोंगराच्या कुशीत दहा-पंधरा घरांची वस्ती. जिल्हा परिषदेची एकखोली शाळा, पटावर जेमतेम अकरा मुले. अशा वस्त्या महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. एक दिवस कानावर येते, 'ही शाळा मोठ्या गावच्या शाळेत विलीन होणार.' मग सकाळीच मजुरीला निघणाऱ्या आईपुढे एकच प्रश्न उभा राहतो. सहा वर्षांच्या लेकीला रोज तिथवर न्यायचे कोणी आणि आणायचे कोणी?

हा प्रश्न चार-दोन वस्त्यांचा नाही. दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूहशाळा' करण्यासाठी प्रस्ताव मागविले. पानशेत आणि तोरणमाळ येथील समूहशाळांचा त्यासाठी दाखला दिला गेला. त्या वेळी अशा कमी पटाच्या शाळा सुमारे पंधरा हजार होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती.

पट का घटला? घराघरांत मुले कमी झाली. पोटासाठी माणसे शहराकडे गेली, कोणी कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. आणि खरे सांगायचे तर, चार पैसे मिळू लागताच आपणही मुलांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसविले. मागे उरली ती ज्यांना फी परवडत नाही त्यांची मुले.

शासनाच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अकरा मुलांसाठी दोन शिक्षकांचा पगार आणि इमारतीची दुरुस्ती हा खर्च मोठा आहे. एकच गुरुजी चार इयत्ता शिकवितात तेव्हा शिक्षणही अपुरेच राहते. मोठ्या शाळेत वर्गाला स्वतंत्र शिक्षक, ग्रंथालय आणि खेळायला सवंगडी मिळतात. पण हा लाभ शाळेपर्यंत पोहोचणाऱ्या मुलालाच मिळतो. ओढ्याला पूर आला की मुलगा चार दिवस घरी बसतो. मुलगी एकदा घरी बसली की धाकट्या भावंडाला सांभाळण्यातच तिची शाळा सुटते.

खर्चाचा हा वाद नवा नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेबांनी सरकारलाच हिशेब विचारला होता. शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च होतात आणि अबकारी करापोटी मात्र लोकांकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक घेतले जातात, हे त्यांनी दाखवून दिले. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी सभागृहाला सुनावले. म्हणजे पट मोजताना गळती मोजायला विसरू नका, हा त्यांचा धडा आहे.

आज कायदा आपल्या बाजूला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर धरले आहे. जिथे शाळा नाही तिथल्या मुलांच्या प्रवासाची वा निवासाची सोय करणे हे शासनाचे काम आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारपैकी तीन सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असे ठरविले आहे. वंचित घटकांतील पालकांनाही त्यात प्रमाणात स्थान आहे. तेव्हा माता-भगिनींनो, त्या खुर्च्या रिकाम्या ठेवू नका. सभेला जा आणि वाचल्याशिवाय सही करू नका, अंगठा देऊ नका. विलीनीकरणाचा विषय आला तर गाडी कोणती, किती वाजता येणार, सोबत बाई असणार का, पावसाळ्यात काय करणार आणि नव्या शाळेत आपली मुले सर्वांच्या पंगतीत बसतील ना, हे विचारा. उत्तर लेखी मागा. ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन पोच घ्या. आधी गाडी, मग कुलूप, हाच आपला आग्रह असू द्या.

रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास याच विषयाला द्या. वस्तीतली कोणती मुले शाळेत जात नाहीत, त्यांची यादी करा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर लहानग्या भिवाचे नाव चढले. त्या एका नावाने आपले सारे आयुष्य पालटले. आपल्या वस्तीतले एकही नाव पटावरून पुसले जाणार नाही, याची काळजी आता आपणच घ्यायची आहे.

जयभीम!