बगलफूट खुडताना

बेळगावजवळच्या हिंडलग्याचा पाऊस टोमॅटोला सोसत नाही. वेंगुर्ला रस्त्यानं सुळगा-उचगावकडे निघालं की दोन्ही बाजूंना भात, बटाटा, रताळी दिसतात. ही पिकं या पावसाच्या जिवावरच येतात. टोमॅटोची पानं मात्र आठ-आठ दिवस ओली राहिली की त्यांवर करपा चढतो, आणि पिकत आलेली फळं देठाजवळ तडकतात. म्हणून उघड्या रानातला चांगला माल कमी पडतो त्याच दिवसांत ज्याच्याकडे छप्पर आहे त्याच्या टोमॅटोला बेळगावात आणि घाटाखाली गोव्यात मागणी असते. गुंठाभर पॉलिहाऊस उभारण्यामागं हाच हिशेब आहे.

पण वर कागद ताणला आणि बाजूला किडीची जाळी लावली की पावसाबरोबर वाराही बाहेर राहतो आणि भुंगाही. ते दोघं जे काम फुकट करत होते, ते आता आपल्या हातावर येतं. पहिल्यांदा लागवड करणारा माणूस खताच्या तक्त्यात अडकतो. माझं सांगणं असं, की आधी हाताला झाड ओळखायला शिकवा.

सुरुवात बियाण्याच्या पाकिटापासून. आत लावायला वेलासारखी वाढत राहणारी, 'इनडिटरमिनेट' जात लागते. तिला दर तीन पानांनंतर फुलांचा एक घोस येतो आणि शेंडा पुढं चालतच राहतो. रानातल्या बुटक्या जातींचा शेंडा फुलावर येऊन थांबतो; त्यांना खुडत बसलात तर फळंच हातची जातात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' पर्णगुच्छाचा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना चांगला टिकतो. मात्र त्याची वाढ मधल्या वळणाची आहे, त्यामुळे पुढं सांगितलेली एका खोडाची छाटणी त्याला जशीच्या तशी लावू नये.

ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढवलेलं 25 ते 30 दिवसांचं रोप घ्यावं. मीटरभर रुंदीचा गादीवाफा, त्यावर दोन ओळी, रोपांत दीड फूट अंतर. वाटा धरून गुंठ्यात दोनशेच्या आसपास रोपं बसतात आणि नवख्याला तेवढी पुरे. रोप जरा खोल लावलं तरी चालतं, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीत गेल्यावर मुळ्या फुटतात. वांग्याच्या खुंटावर कलम केलेलं रोप असेल तर मात्र सांधा मातीच्या वर ठेवायचाच. आदल्या वर्षी त्या जागी बटाटा, वांगी किंवा मिरची होती का, हे आधी आठवून पाहावं. ही सगळी एकाच कुळातली भावंडं. एकाचा रोग मातीत दबा धरून दुसऱ्याला गाठतो.

रोप वीतभर झालं की वरच्या तारेवरून सोडलेली सुतळी बुंध्याशी सैल गाठीनं बांधायची आणि खोडाभोवती एकाच दिशेनं गुंडाळत न्यायची. गाठ घट्ट केली तर खोड जाड होताना सुतळी आत रुतते.

आता बगलफूट. सकाळी पानावरचं दव सुकल्यावर एका झाडासमोर बसा आणि खालून वर बघत जा. खोडातून पान निघतं. खोड आणि पानाचा देठ यांच्या बेचक्यात, आपल्या काखेच्या जागी, छोटासा कोवळा फुटवा दिसेल. तीच बगलफूट. फुलांचा घोस कधीही या बेचक्यात नसतो, तो दोन पानांच्या मधल्या सपाट खोडातून थेट बाहेर येतो. एवढी खूण डोळ्यात बसली की चूक होत नाही. फुटवा करंगळीच्या दोन पेरांएवढा असतानाच अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला वाकवायचा. टच् आवाज करून तो मुळापासून निघतो आणि जखम दुपारपर्यंत सुकते. कात्री शक्यतो नको, कारण पात्याला लागलेला चीक एका झाडाचा रोग पुढच्या पन्नास झाडांना देतो.

पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट सर्वांत जोरकस असते. माझ्या पहिल्या हंगामात तिलाच मी मुख्य शेंडा समजलो आणि खरा शेंडा खुडून टाकला. तसं झालंच तर घाबरू नये. तीच बगलफूट सुतळीवर घ्यावी, झाड आठवडाभर मागं पडतं इतकंच. आणि एखादी बगलफूट नजरेतून सुटून हातभर वाढली असेल तर ती बुडातून ओढू नका, मोठी जखम होते. तिचा नुसता शेंडा खुडा.

हे काम आठवड्यातून एकदा, न चुकता करायचं. पंधरा दिवस सोडलं की आत जंगल होतं, वारं फिरत नाही आणि करप्याला हवं तेच मिळतं.

आपल्या भागाला यात एक धोका आहे, तो कळकळीनं सांगतो. टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले, आणि तंबाखूची निपाणी आपल्यापासून किती लांब? तंबाखूच्या पानावरचा मोझॅक विषाणू (टीएमव्ही) वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो. विषाणू नावाची वस्तू जगाला पहिल्यांदा याच रोगातून कळली: 1892 मध्ये रशियात इव्हानोव्स्कीनं आणि 1898 मध्ये हॉलंडमध्ये बायरिंकनं, बारीक गाळणीतून गाळलेला रोगट पानांचा रस निरोगी रोपाला लावून तिथंही रोग उठतो हे दाखवलं. आपल्याकडे तळहातावर चुना-तंबाखू मळून, चिमूट दाढेखाली ठेवून, त्याच बोटांनी माणूस बगलफूट मोडायला बसतो. म्हणजे रसही हातात, आणि ताजी जखमही. काही दिवसांनी शेंड्याची पानं हिरवी-पिवळी चितरली जातात, अरुंद होतात, आणि त्यावर औषध नाही. म्हणून दाराशी साबण आणि पाण्याची बादली ठेवाच. काम करताना बोटं अधूनमधून साय काढलेल्या दुधात बुडवली तर हातानं होणारा प्रसार खूप कमी होतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. बियाणं घेताना टीएमव्हीला प्रतिकारक आहे का, हेही विचारावं.

फूल उमलल्यावर आणखी एक काम. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण पराग मधल्या पिवळ्या नळीत आतून बंद असतो. तो हादऱ्यानंच सुटतो. बाहेर वारा हलवतो, भुंगा फुलाला लोंबकळून गुणगुणतो. मधमाशीला ते जमत नाही, शिवाय या फुलात मध नाही. युरोपात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून यासाठी हरितगृहांत बंबलबी सोडतात. आपण सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान तारेला काठीनं हलकेच टिचक्या मारायच्या, एक दिवसाआड. पावसाळ्यात हवा दमट असली की पराग चिकटून राहतो, म्हणून आधी बाजूचे पडदे वर करून आत वारं खेळू द्यावं.

फळं धरली की एका घोसात चार-पाचच ठेवावीत. पाणी रोज आणि सारखंच द्या. दोन दिवस तहान आणि तिसऱ्या दिवशी भरपूर, असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. नवखे त्याला रोग समजून फवारणी करतात. दुरुस्ती ठिबकच्या वेळापत्रकात असते.

खालच्या घोसातली फळं पूर्ण वाढली की त्याच्या खालची पानं काढायची, एका वेळी दोन-तीनच, आणि खोडाशी खुंट न ठेवता. डिसेंबरात इथल्या रात्री गार पडतात, तेव्हा पडदे संध्याकाळीच खाली सोडावेत. मार्च-एप्रिलात उलट, पारा 35 च्या वर गेला की फूल गळतं आणि फळाला लाली धरत नाही. तेव्हा वर शेडनेट ओढावी लागते.

फुलापासून लाल फळापर्यंत साधारण दीड ते दोन महिने जातात. पीक काढायची तारीख ठरली की तिथून तेवढे दिवस मागं मोजायचे आणि त्या दिवशी, शेवटच्या घोसावर दोन पानं राखून, शेंडा खुडायचा. ती दोन पानं खालच्या फळांना उन्हापासून झाकतात आणि रसही पोचवतात. त्यानंतरही बगला तपासणं थांबवायचं नाही, कारण शेंडा गेलेलं झाड सर्व बाजूंनी फुटू पाहतं.