प्रकृती, सात्म्य आणि प्रमाण : जैविक मानवशास्त्राच्या परिभाषेच्या संदर्भात

परिसंवादांतून आणि शोधनिबंधांतून गेल्या काही वर्षांत एक प्रघात रूढ झाला आहे. प्रकृती म्हणजे जीनोटाइप, सात्म्य म्हणजे अॅडाप्टेशन आणि प्रमाण म्हणजे अँथ्रोपोमेट्री, अशी समीकरणे मांडली की विषयाचे आधुनिक विवेचन झाले असे मानले जाते. माणसामाणसांतील शारीरिक भेद, त्या भेदांची कारणे आणि त्यांचा इतिहास हा जैविक मानवशास्त्राचा विषय होय. दशविध परीक्षेचा विषयही माणसामाणसांतील भेद हाच आहे. त्यामुळे तुलना करणे गैर नाही. मात्र ती काटेकोर असावी. संज्ञा चुकली की चिकित्साही चुकते, हे आम्ही येथे तीन उदाहरणांनी मांडू इच्छितो.

प्रकृती आणि जीनोटाइप

जीनोटाइप आणि फिनोटाइप हे शब्द डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ साली रूढ केले. आईवडिलांकडून मिळालेला जनुकांचा संच तो जीनोटाइप. त्या संचावर गर्भाशय, आहार, रोग आणि परिसर यांचा संस्कार होऊन प्रत्यक्ष दिसते ते फिनोटाइप. आता चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितलेले प्रकृतीचे घटक पाहावेत. शुक्रशोणिताबरोबरच काल व गर्भाशय, मातेचा आहारविहार आणि महाभूतविकार यांचीही तेथे गणना आहे. म्हणजे केवळ बीजावर प्रकृती ठरत नाही. शिवाय आपण ती ओळखतो ती त्वचा, केश, गती, क्षुधा, निद्रा अशा लक्षणांवरून, अर्थात फिनोटाइपवरून.

प्रकृतीचा जनुकांशी संबंधच नाही, असा याचा अर्थ नव्हे. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रकृतीची लक्षणे ठळकपणे असलेल्या निरोगी व्यक्तींमध्ये ईजीएलएन-१ या जनुकाच्या रूपांत फरक आढळला. परंतु संबंध असणे वेगळे आणि ऐक्य असणे वेगळे. प्रकृतीला जीनोटाइप म्हटल्याने मातेच्या आहारविहाराचा घटकच गळून पडतो आणि गर्भिणी परिचर्येचा पाया दुबळा होतो. बीजावर गर्भावस्थेतील परिस्थितीचा कायम ठसा उमटतो, या गोष्टीला मानवशास्त्रात विकासात्मक लवचीकता म्हणतात. प्रकृतीच्या उपपत्तीशी अधिक जवळीक आहे ती या संकल्पनेची.

सात्म्य आणि अनुकूलन

परिसराशी जुळवून घेण्याच्या तीन पातळ्या मानवशास्त्र वेगळ्या ठेवते. सपाटीवरचा माणूस लेहला गेला की श्वसन वाढते आणि काही दिवसांत, आठवड्यांत रक्तातील हिमोग्लोबिन वाढू लागते. तो परत आला की ते पूर्ववत होते. हे तात्पुरते समायोजन. पेरूमधील अँडीज पर्वतात ज्यांचे बालपण गेले त्यांच्या फुप्फुसांची धारणक्षमता अधिक असते आणि ती आयुष्यभर टिकते. हे वाढीच्या वयातील समायोजन. तिबेटी लोकांमध्ये मात्र हिमोग्लोबिन फारसे न वाढता उंचीवरील जीवन सुकर होते. त्यामागील ईपीएएस-१ या जनुकाचे विशिष्ट रूप २०१० साली उजेडात आले. निवडीने पिढ्यान् पिढ्या पक्के झालेले हे अनुकूलन. काटेकोर अर्थाने अॅडाप्टेशन म्हणतात ते यालाच.

ओकसात्म्य अभ्यासाने येते आणि पादांशक्रमाने सोडता येते. म्हणून ते पहिल्या पातळीच्या जवळचे आहे, तिसऱ्या पातळीचे निश्चितच नव्हे. हा भेद व्यवहारातही उपयोगी पडतो. प्रौढपणी दूध पिऊन आध्मान होणारा रुग्ण आपल्याकडे नेहमी येतो. शैशव सरल्यावर लॅक्टेज हे पाचक विकर कमी होणे ही मानवजातीची मूळ अवस्था आहे. ते टिकून राहणे हे पशुपालक समाजांत जनुकबदलाने आलेले अनुकूलन आहे. अशा रुग्णाचा अग्नी दुष्ट आहे असे गृहीत धरून दीपन-पाचन चालू ठेवण्यापूर्वी, केवळ दुधाचाच त्रास होतो काय, दही वा ताक सोसते काय, एवढे तरी विचारावे.

प्रमाण आणि मेद

तिसरे उदाहरण सर्वाधिक गंभीर आहे. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय हा निर्देशांक आता प्रत्येक चिकित्सालयात पोचला आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण डॉ. युडकिन यांचे ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांचे २१.२ टक्के. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या माता-पोषण अभ्यासातही असेच दिसले. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच कमी भरली. त्यांचे मांस कमी होते, पाठीच्या त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ हा सावधगिरीचा अंक सुचवला, त्यामागे हेच कारण आहे. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की, प्रमेहाचे रुग्ण स्थूल आणि कृश असे दोन सांगून चरकाचार्यांनी कृशासाठी बृंहण योजले आहे. हातपाय बारीक, पोट मात्र सुटलेले, अशा रुग्णाला केवळ वजनावरून कृश ठरवून घृत-दुग्धादी बृंहण दिले, तर आधीच वाढलेल्या मेदात भर पडेल. संहितेने सार, संहनन आणि प्रमाण यांची परीक्षा पृथक् सांगितली ती उगीच नव्हे. मांस किती आणि मेद किती, हा प्रश्न एका आकड्याने सुटत नाही.

आमची सूचना साधी आहे. रुग्णपत्रिकेत वजन-उंचीबरोबर कटीचा घेर मोजून नोंदवावा, रुग्णाचे जन्मवजन ठाऊक असल्यास तेही लिहावे आणि मांससार व मेदसार यांची परीक्षा स्वतंत्रपणे नोंदवावी. निबंध लिहिताना दोन शास्त्रांच्या संज्ञा समोरासमोर अवश्य ठेवाव्यात. पण त्यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह घालण्यापूर्वी प्रत्येकीची व्याप्ती तपासावी. आपल्या संज्ञा उसन्या नावांनी मोठ्या होत नाहीत. त्या नेमकेपणाने वापरल्या, तरच रुग्णाच्या उपयोगी पडतात.