कोरियाने सोने का वितळवले?

दक्षिण कोरियातील सामान्य माणूस 1997 च्या आर्थिक अरिष्टाला केवळ ‘आयएमएफ’ या नावाने ओळखतो. परकीय चलनाची गंगाजळी आटली. काही महिन्यांत एका डॉलरचा भाव सुमारे 900 वोनवरून 2000 च्या जवळ जाऊन भिडला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. स्वाभिमानी समाजाला ही नामुष्की फार झोंबली.

जानेवारी 1998 मध्ये सोने गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. ऐन हिवाळ्यात बँकांसमोर रांगा लागल्या. विवाहाच्या अंगठ्या, साखळ्या, खेळाडूंची पदके आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आप्तेष्टांनी दिलेल्या चिमुकल्या अंगठ्याही तराजूत पडल्या. सुमारे 35 लाख लोकांकडून 227 टन सोने जमले. भागाकार केल्यास माणशी 65 ग्रॅम, म्हणजे साडेसहा तोळे!

हे सारे दान होते असे सर्रास लिहिले जाते; ते पूर्णतः खरे नाही. बहुतेकांना बँकेकडून पावती मिळाली व किंमत पुढे वोनमध्ये चुकती झाली. सोने वितळवून परदेशी विकले गेले आणि डॉलर देशाला मिळाले. माझ्या मते यामुळे त्या कृतीचे मोल घटत नाही. चलन घसरत असताना सोने घट्ट धरून ठेवावे, हे कोणतीही गृहिणी जाणते. कोरियन गृहिणीने नेमके उलट केले. सोनेतारणाच्या टेबलावर वर्षे काढलेल्या माणसाला त्यातील कठीणपण वेगळे सांगावे लागत नाही.

या वृत्तीची मुळे जुनी आहेत. 1907 मध्ये जपानचे 1 कोटी 30 लाख वोनचे कर्ज फेडण्यासाठी देगू शहरातून चळवळ उभी राहिली. हिशेब साधा होता: दोन कोटी लोकांनी तीन महिने तंबाखू सोडून दरमहा 20 जॉन, म्हणजे वोनचा पाचवा हिस्सा, वाचवायचा. स्त्रियांनी दागिनेही दिले. तरीही 1910 मध्ये देश जपानने गिळंकृत केलाच.

आपल्याकडे 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने परदेशी गहाण पडले. ते गाजावाजा न करता विमानाने रवाना झाले आणि जनतेला वृत्तपत्रांतून कळले. कोरियात संकट उघडपणे सांगितले गेले, हा फरक मला मोठा वाटतो.

अर्थात केवळ सोन्याने कर्ज फिटले नाही. त्यातून दोन अब्ज डॉलरहून थोडे अधिक आले. नाणेनिधीकडून उचललेली रक्कम साडेएकोणीस अब्ज होती. उरलेला भार वाढती निर्यात व आखडलेली आयात यांनी वाहिला. शिवाय, बेसुमार कर्जे काढली होती बड्या उद्योगसमूहांनी. नोकऱ्या गेल्या त्या मात्र अंगठ्या देणाऱ्यांच्याच घरातल्या. हा अन्याय कोरियन लोक विसरलेले नाहीत. शेवटचा हप्ता ऑगस्ट 2001 मध्ये, मुदतीच्या सुमारे तीन वर्षे आधी, फेडण्यात आला.