भाकरी, हौद आणि लाल ठिपका

अंघोळीच्या वेळी टाच घासायला वज्री लागते. खालून खरखरीत असली आणि मुठीत नीट बसली की तिचं काम भागतं. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या पितळी वज्री ठेवल्या आहेत. त्यांच्या पाठीवर मोर आहेत, हत्ती आहेत, बारीक नक्षी आहे. आता टाचेला मोराचं काय कौतुक? न्हाणीघराच्या अंधारात तो धड दिसतही नसेल. तरी कुणीतरी तो घडवला, मन लावून घडवला, आणि घडवणाऱ्याचं नाव कुठेही कोरलेलं नाही.

या वस्तू गोळा करणारे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. तरुण वयात त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि तो जन्मभर सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची त्यात भक्कम साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज त्यात वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत. शस्त्रं आहेत, मूर्ती आहेत, पण संग्रहाचा जीव आहे तो दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, फण्या आणि कुंकवाच्या करंड्यांत. त्या काळातलं पुणं बखरी आणि मोडी कागदांच्या मागे लागलेलं होतं. 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ या संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिकडे तहांच्या तारखांवरून वाद रंगत असताना हा कवी लोकांच्या माळ्यांवरून अडकित्ते उतरवून घेत होता. त्यालाही मी इतिहास संशोधनच म्हणेन. राज्य कुणाचं होतं हे कागदावरून कळतं, पण माणसं रोज सुपारी कशी कातरत होती आणि कातरतानाही त्यांना काहीतरी देखणं हातात का हवं होतं, हे केळकरांमुळे कळतं.

लागतं त्यापेक्षा थोडं जास्त करणं, एवढंच त्या वज्रीत आहे. रोजच्या जगण्यातलं सौंदर्य तिथून निघतं आणि रोजचा चांगुलपणाही तिथूनच. दोन्हींची अडचणही एकच: सवय झाली की ते दिसेनासं होतं.

मानसशास्त्रज्ञांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयाची बरीच नांगरणी केली आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॅकर केल्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 26 देशांतल्या लोकांना विचारलं, की तुम्ही थक्क होऊन गेलात, असं कधी झालं? डोंगर, समुद्र, मंदिरं, संगीत अशी उत्तरं अपेक्षित होती आणि तीही आली. पण सर्वांत जास्त वेळा आलं ते दुसऱ्या माणसाचं धैर्य, दुसऱ्याचा चांगुलपणा. जोनाथन हाइट या दुसऱ्या अभ्यासकानं त्याच्या पुढची पायरी दाखवली. कुणाचं भलं वागणं नुसतं पाहिलं, तरी पाहणाऱ्यालाही तसं काही करावंसं वाटतं. प्रेरणा म्हणून आपण ज्याचा गाजावाजा करतो, ती बऱ्याचदा एवढीच असते. भाषणांपेक्षा शेजाऱ्यांकडून ती जास्त मिळते.

पुण्यात हे शोधायचं कुठे? गोड बोलण्यात तर नक्कीच नको, तिथे निराशाच पदरी येईल. इथला चांगुलपणा ताटात शोधावा.

बाहेरगावाहून शिकायला आलेल्या गरीब मुलांनी वार लावून जेवायचं, ही इथली जुनी रीत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. या रीतीवर कित्येक पिढ्या शिकल्या. मात्र तिचं गुणगान जपूनच करायला हवं. वारांचं ते जग बहुतांशी एका जातीपुरतं होतं, आणि अशा घरांतून शिळं अन्न आणि टोमणेही वाट्याला येत. दयेवर जेवणाऱ्याला मान खाली घालूनच जेवावं लागतं. म्हणूनच पुण्यात पुढे जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. 1955 मध्ये डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती उभी केली. खेड्यांतून आलेल्या मुलामुलींना राहायला जागा, जेवण आणि सोबत काम, असा तिचा बेत. काम करून शिकायचं असल्यामुळे उपकाराचं ओझं बरंच हलकं झालं. इथून शिकून गेलेली माणसं पुढे नव्या मुलांसाठी पैसे आणि वेळ देत आली आहेत. ज्यानं दिलं त्याला परत करायचं नाही, पुढच्याला द्यायचं, असा हा हिशेब आहे आणि तो चोख चालतो.

1974 मध्ये हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सोबत्यांनी भवानी पेठेत पोती वाहणाऱ्या हमालांना संघटित केलं होतं. दिवसभर पाठीवर ओझं वाहणाऱ्याला परवडेल असं, स्वच्छ आणि पोटभर जेवण मिळावं, ही गरज होती. ना नफा ना तोटा या तत्त्वावर केंद्रं निघाली. तिथे हमालाच्या शेजारी बसून विद्यार्थी जेवतो, रिक्षावाला जेवतो, कधी कचेरीतला कारकून जेवतो. पैसे देऊन जेवायचं असल्यामुळे कुणी कुणाचा आश्रित नाही. माझ्या मते पुण्यातल्या अन्नदानाच्या इतिहासात वारापासून या भाकरीपर्यंतचा प्रवास हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

आषाढी वारीत ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी येतात तेव्हा मात्र सगळं शहरच यजमान होतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते, तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दिवसांत शाळा, वाडे, मंगल कार्यालयं आणि सोसायट्यांचे वाहनतळ वारकऱ्यांनी भरून जातात. पिठलं-भाकरीचे ढीग लागतात. पण मला बघायला आवडतात ती हातानं काम करणारी माणसं. रस्त्याच्या कडेला चर्मकार वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात, नाभिक दाढी करून देतात, कुणी पाय चेपून देतं. आपल्याकडे जे आहे ते द्यावं, तर यांच्याकडे कौशल्य आहे, ते देतात. चपलेला घातलेला तो टाका पुढे दिवेघाट चढतो.

भाकरीनंतर पाणी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1749 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळानं पाणी शहरात आणायचं काम सुरू झालं. ते पेठांतल्या हौदांत सोडलं जाई. हौदांतलं पाणी आटलं, पण काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावं पत्त्यांत राहिली आहेत. सार्वजनिक पाण्याची अशी योजना त्या काळाच्या मानानं मोठीच म्हणायची. पण ते सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं नव्हतं. अस्पृश्य मानलेल्यांना त्या पाण्याला हात लावायची मुभा नव्हती. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. एका घरातला हौद तो, केवढासा असणार! त्या एका कृतीनं गावाची तहान भागली नसेल, पण शंभर वर्षांनंतर, 1972 मध्ये बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ हाती घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच हौद होता. प्रेरणा किती लांबचा पल्ला गाठू शकते, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. त्या घराला, म्हणजे आजच्या समता भूमीला, भेट देणाऱ्यांनी पुतळ्याला हार घालून झाल्यावर दोन मिनिटं हौदापाशी थांबावं.

आता आजच्या सकाळकडे येऊ. दारावरची घंटा वाजते, आपण डबा बाहेर ठेवतो, दार लावून घेतो. कचरा नेणाऱ्या बाईंचा चेहरा आपल्याला आठवत नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित स्त्रियांची ही संघटना. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. कचरा वेचक हेच तिचे सभासद आणि मालक. महापालिकेशी करार करून ते घरोघरचा कचरा उचलतात, ओला-सुका हातानं वेगळा करतात आणि विकता येईल ते विकतात. आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून जे टाकलेलं असतं, ती गाठ कुणीतरी बोटांनी सोडवत असतं. वापरलेले सॅनिटरी पॅड त्यातच गुंडाळलेले असतात. ‘स्वच्छ’नं त्यावर साधा उपाय सुचवला: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते उघडावं लागणार नाही. घरात लाल पेन असतंच. पाच सेकंदांचं काम आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना. कृतज्ञतेच्या नावाखाली आपण सहज सूट घेतो. दिवाळीला मिठाईचा पुडा दिला की वर्षभराचं देणं फिटलं, असं वाटून जातं. पण कचरा वेचकांची संघटना मिठाईसाठी उभी राहिलेली नव्हती. तिनं ओळखपत्र मागितलं, आरोग्य विमा मागितला, ठरलेलं मासिक शुल्क वेळेवर मागितलं. या गोष्टी हक्काच्या आहेत आणि त्या आभारांनी भरून निघत नाहीत. आधी शुल्क, मग लाल ठिपका, आणि मग हवे तर आभार. हा क्रम उलटा झाला, तर त्या आभारांना काही अर्थ उरत नाही.

पहाटे वेताळ टेकडीवर, तळजाईला किंवा हनुमान टेकडीवर गेलात, तर खांद्यावर पाण्याची कॅन घेऊन चढणारी माणसं भेटतात. बहुतेक निवृत्त. उन्हाळ्यात ती रोपांना पाणी घालतात. ज्या झाडाची सावली आपल्या वाट्याला येईल याची खात्री नाही, त्यासाठी गुडघे दुखत असताना पाच लिटर पाणी चढवायचं! खाली शहरात एप्रिल-मे महिन्यांत बहावा पिवळा होतो, ताम्हण जांभळा होतो, आणि आपण सिग्नलला मोबाइलमध्ये डोकं घालून त्यांच्याखाली उभे असतो. झाडाकडे नुसतं बघण्याचाही उपयोग होतो, याला जुना आधार आहे. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण रुग्णालयं बांधणाऱ्यांनी तो मनावर घेतला. आपल्या बांधकाम व्यावसायिकांनी अजून घ्यायचा आहे.

मग हे सगळं दिसत राहावं म्हणून करायचं काय? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांचा 2003 चा प्रयोग या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. विद्यार्थ्यांच्या एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आपण ऋणी आहोत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटानं कटकटी लिहिल्या. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला, व्यायामही जास्त करू लागला. पुढच्या एका अभ्यासात गंमत आढळली: आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तितका नाही. कृतज्ञतेचाही रतीब घातला की ती पाणचट होते. त्यामुळे रोज सकाळी ‘आज मी कशाबद्दल आभारी आहे’ असे गुलाबाचं चित्र टाकून संदेश पाठवणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये आणखी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांनी आपल्यावर उपकार केलेल्या व्यक्तीला पत्र लिहायला लावलं आणि समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं, त्या व्यक्तीला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात ज्यांना पत्र मिळालं ते अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंदले होते आणि अवघडलेले फारच कमी होते. आपण आभार मानत नाही, त्यामागे बऱ्याचदा हा चुकीचा अंदाज असतो. मराठी माणसाला तर तो फारच सतावतो. ‘आता एवढ्या वर्षांनी काय कळवायचं’ म्हणून आपण थांबतो, आणि ‘आपल्या माणसाचे कसले आभार’ म्हणून राहिलेलंही राहून जातं.

ज्या गुरुजींनी तुमची परीक्षेची फी भरली होती किंवा ज्या काकूंनी वसतिगृहातल्या तापात डबा पाठवला होता, त्यांचा पत्ता शोधा आणि चार ओळी लिहा. फोनपेक्षा पत्र बरं, ते पुन्हा वाचता येतं. मजकूर सुंदर हवा असं काही नाही. काय केलं होतं आणि त्यामुळे काय झालं, एवढं आलं तरी पुरे. आणि ते ऐंशीच्या घरात असतील, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका.