शुक्रवार आणि रविवार

बुसैतीनमध्ये आम्ही काही कुटुंबे शुक्रवारी वंदनेसाठी एकत्र येतो. वंदनेनंतर मुले शाळेतल्या शंका काढतात. आमच्यापैकी कोणी अभियंता, कोणी परिचारिका त्यांचे निरसन करते. याच वंदनेला काही असेही बांधव येतात, ज्यांची मुले येथे नाहीत. कुटुंबाला बहरीनमध्ये आणण्यासाठी असलेली किमान पगाराची अट त्यांच्या मजुरीत बसत नाही. त्यांची मुले बुलढाणा, नांदेडकडच्या खेड्यांत आजीजवळ शिकतात. बापाची सुट्टी शुक्रवारी, मुलाची रविवारी. येथे सायंकाळी सातला फोन लावावा, तर गावी साडेनऊ वाजलेले असतात आणि मूल झोपी गेलेले असते.

दहावीच्या निकालानंतर आम्ही येथील गुणवंतांचा सत्कार केला. तेव्हा एका बांधवाने शांतपणे विचारले, "आजीचे दुखणे सांभाळून माझ्या लेकीने ६२ टक्के मिळवले. तिचे नाव तुमच्या यादीत का नाही?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

ज्या 'गुणवत्ते'च्या नावाखाली आपल्या पूर्वजांना दाराबाहेर ठेवले गेले, तोच शब्द आम्ही तपासून न पाहता वापरला होता. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने दाखवले, की मुलांच्या यशापयशातील तफावतीचा उलगडा शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीतून अधिक होतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी घरातून मिळणाऱ्या भाषेला, पुस्तकांना आणि आत्मविश्वासाला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले. हे भांडवल गुणपत्रिकेवर दिसत नाही. तेथे ते मुलाची हुशारी म्हणून नोंदले जाते.

मग बाबासाहेब कसे घडले, असा प्रश्न कोणी विचारील. परळच्या चाळीतील एका खोलीत ते शिकले, हे खरे. परंतु त्या खोलीत सुभेदार रामजी होते. ते सैनिकी शाळेत शिक्षक राहिलेले होते. पुस्तकांसाठी ते प्रसंगी लेकींचे दागिने गहाण ठेवीत आणि पहाटेपूर्वी मुलाला अभ्यासाला उठवीत. घरात पैसा नव्हता, पण विद्या होती. आणि ती विद्या सैन्यातील शिक्षणव्यवस्थेतून आली होती. त्यापुढील वाटेवर बडोद्याची शिष्यवृत्ती उभी राहिली. घरची पार्श्वभूमी ही विधिलिखित नसते. संस्था ती एका पिढीत घडवू शकतात, हा या चरित्राचा अर्थ आहे.

बाबासाहेबांनी स्वतः हाच मार्ग धरला. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, कारण मुलाला शाळेइतकीच अभ्यासाची जागा हवी असते. १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात सकाळचे वर्ग ठेवले गेले, कारण नोकरी करणाऱ्यालाही शिकता आले पाहिजे.

आम्ही आता दोन गोष्टी ठरवल्या आहेत. दर रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी दहाला, ज्याला कामातून सवड असेल तो गावाकडच्या मुलांना दूरभाषवर गणित आणि इंग्रजी शिकवील. आणि वर्गणीचा एक भाग त्या गावांतील विहारांत अभ्यासिकेसाठी जाईल: दिवा, टेबल, पुस्तके आणि रात्री उघडे राहणारे दार.

पुढच्या सत्काराच्या यादीत गुणांशेजारी आणखी एक रकाना असेल: हे गुण कोणत्या घरातून आले. त्या लेकीचे नाव आम्ही सर्वांत आधी लिहिले आहे.

जय भीम!