गंध ऐकणे : जपानी धूप आणि सुगंधी काष्ठांची पारख

उपोसथाच्या दिवशी अष्टशील ग्रहण करणारा उपासक माला, गंध आणि विलेपन यांपासून अलिप्त राहण्याचा संकल्प करतो. आणि त्याच वेळी, त्याच विहारात, बुद्धमूर्तीपुढे धूप दरवळत असतो. ही विसंगती नव्हे काय, अशी विचारणा आमच्याकडे अधूनमधून होते. आमच्या मते येथे खरी विसंगती नाही. शिक्षापदाचा रोख स्वतःच्या देहाच्या शृंगाराकडे आहे, पूजेतील गंधाकडे नाही. जेतवनातील भगवंतांच्या निवासास गंधकुटी हेच नाव पडले, आणि धम्मपदाच्या पुप्फवग्गात शीलाची थोरवी सांगताना तुलनेसाठी चंदन व तगर यांचीच निवड झाली. परंतु या विचारणेत आणखी एक सूर असतो व तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो : गंधाचा आस्वाद घेणे ही आसक्तीच समजावी, की त्यातून स्मृतीचा, सावधानतेचा अभ्यासही होऊ शकतो? या प्रश्नाचे कृतीतून सर्वांत तपशीलवार उत्तर ज्या देशाने दिले, तो जपान होय.

प्रथम शब्दांविषयी थोडे. आपण ‘अगरबत्ती’ म्हणतो, त्यात अगरू आहे. ‘उदबत्ती’ म्हणतो, त्यातील ऊद हे त्याच वृक्षाच्या काष्ठाचे अरबी नाव आहे. मराठीत मात्र ऊद हा शब्द पुढे लोबानाच्या जातीच्या डिंकास लागला, आणि आज बाजारातील बहुसंख्य बत्त्यांत ना अगरू असतो ना ऊद. नावे तेवढी उरली. जपानी भाषेत अगरूस ‘जिंको’ म्हणतात, म्हणजे ‘बुडणारा गंध’. कारण राळेने भरलेले उत्तम काष्ठ पाण्यात तरंगत नाही. चंदनास तेथे ‘ब्याकुदान’ म्हणतात.

‘निहोन शोकी’ या इ. स. 720 मध्ये पूर्ण झालेल्या इतिहासग्रंथात अशी नोंद आहे की, सम्राज्ञी सुइकोच्या कारकिर्दीत, 595 साली, आवाजी बेटाच्या किनाऱ्यास एक ओंडका लागला. बेटावरील लोकांनी तो सरपण म्हणून चुलीत घातला. धुराचा सुगंध दूरवर पसरताच ते चकित झाले व त्यांनी तो ओंडका राजदरबारी अर्पण केला. बौद्ध धम्म कोरियातून जपानात पोहोचून त्या वेळी अर्धशतकाच्या आसपास काळ लोटला होता. पुढे 753 मध्ये, पाच प्रयत्न फसल्यानंतर, दृष्टी गमावलेल्या अवस्थेत जपानी किनाऱ्यावर उतरलेले चिनी विनयाचार्य गांजिन (688–763) यांच्याशी गंधद्रव्यांचे मिश्रण करण्याची विद्या जोडली जाते. हेइआन काळातील सरदारवर्गाने या मिश्रणांना ऋतूंशी बांधले : वसंतात ‘बाइका’ म्हणजे आलुबुखाराच्या जातीच्या उमे वृक्षाचा मोहोर, उन्हाळ्यात ‘कायो’ म्हणजे कमळाचे पान. चूर्णे मधात मळून केलेल्या या गोळ्या (‘नेरिको’) निखाऱ्यालगतच्या उष्ण राखेवर ठेवीत. त्या जाळीत नसत, केवळ तापवीत. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

मिश्रणाकडून शुद्ध काष्ठाकडे वळण्याचे श्रेय मुरोमाची काळास आहे. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासा यांच्या छत्राखाली सांजोनिशी सानेताका (1455–1537) आणि शिनो सोशिन यांनी गंधास्वादाची शिस्त बसविली. त्यांच्यापासून निघालेल्या ओइए व शिनो या दोन परंपरा आजही चालू आहेत. या कलेस ‘कोदो’, म्हणजे गंधमार्ग, असे नाव आहे. तिच्यात गंध ‘हुंगत’ नाहीत, ‘ऐकतात’. या क्रियेस ‘मोन्को’ हा शब्द आहे. त्यातील चिनी अक्षराचा अर्थ ऐकणे असाही आहे व वास घेणे असाही. विमलकीर्तिनिर्देश सूत्र वाचलेल्यांस हा शब्दप्रयोग परका वाटू नये. तेथे ज्या सुगंधी बुद्धक्षेत्राचे वर्णन आहे, तेथील तथागत अक्षरांनी नव्हे तर गंधानेच धम्म शिकवितात.

आता प्रत्यक्ष कृती. चिनी मातीच्या लहान पेल्यात बारीक चाळलेली राख भरतात. पेटवून पूर्ण फुललेला कोळशाचा लहान तुकडा तिच्यात पुरतात व वर राखेचा शंकूसारखा उंचवटा रचतात. शिखरातून सळईने निखाऱ्यापर्यंत एक छिद्र पाडले जाते. उष्णता वर येते ती त्यातूनच. शिखरावर अभ्रकाचा पातळ पत्रा आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी, कित्येकदा त्याहूनही लहान, अगरूची ढलपी. पेला डाव्या तळहातावर घ्यावयाचा, उजव्या हाताने वर घुमटासारखी ओंजळ करावयाची आणि अंगठा व तर्जनी यांच्या फटीतून शांतपणे श्वास घ्यावयाचा. उच्छ्वास बाजूला सोडावयाचा, पेल्यात नव्हे. तीन श्वास झाले की पेला शेजाऱ्याकडे. धूर दिसता कामा नये. दिसला तर काष्ठ जळत आहे असे समजून निखाऱ्यावर राखेचा थर वाढवावा. आम्ही प्रथम हा प्रयोग केला तेव्हा निखारा फार वर आला आणि मोलाची ढलपी काही क्षणांत करपून गेली. हाती उरला तो जळक्या लाकडाचा वास. दुसऱ्या खेपेस राख दोन बोटे अधिक घातली. प्रथम काहीच जाणवेना. मग जे आले ते आधी कडवट, नंतर थंड, आणि शेवटी जुन्या ग्रंथाच्या पेटीसारखे गोडसर होते.

या पायऱ्यांसाठी जपानी परंपरेत ‘रिक्कोकु गोमी’ म्हणजे ‘सहा देश, पाच चवी’ अशी परिभाषा आहे. क्यारा, राकोकु, मानाबान, मानाका, सासोरा आणि सुमोतारा ही सहा नावे. त्यांत सुमात्रा ओळखू येतो, मानाकामागे मलाक्का व मानाबानमागे मलबार असावे असे मानले जाते. तथापि आज ही नावे मूळ स्थानापेक्षा गंधाचा स्वभाव दाखवितात. चवी पाच : गोड, आंबट, तिखट, कडू, खारट. आपल्या षड्रसांपैकी तुरट तेवढा राहिला! (वस्तुतः प्रतवारीची ही दृष्टी भारतासही नवी नाही; कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या चंदनाचे व अगरूचे प्रकार रंग-गंधासह नोंदलेले आहेत.) गंध ओळखण्याचे खेळही रचले गेले. ‘गेंजिको’त पाच प्रकारच्या काष्ठांच्या प्रत्येकी पाच अशा 25 पुड्या मिसळून त्यांतील कोणत्याही पाच क्रमाने फिरवितात. कोणते गंध सारखे, एवढेच सांगावयाचे असते. उत्तर पाच उभ्या रेघांनी लिहितात. सारख्या गंधांच्या रेघा माथ्यावर जोडतात. अशा 52 आकृती होतात व प्रत्येकीस ‘गेंजी मोनोगातारी’च्या 54 प्रकरणांपैकी पहिले व शेवटचे वगळून एकेकाचे नाव आहे. यात चुकणे लाजिरवाणे मानीत नाहीत. नाक किती लवकर थकते व मन किती लवकर तर्काकडे धावते, हे साधकास येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचित अन्यत्र दिसत असेल.

सर्वांस निखारा व अभ्रक जमणार नाही. त्यांच्यासाठी ‘सेन्को’, म्हणजे बत्ती, हा सोपा मार्ग आहे. जपानी बत्तीत बांबूची काडी नसते. ‘ताबु’ नावाच्या वृक्षाच्या सालीचे चूर्ण बंधक म्हणून वापरून गंधद्रव्यांचा लगदाच बत्तीच्या आकारात ओढतात. त्यामुळे काडी जळल्याचा वास त्यात मिसळत नाही. झेन विहारांत एक बत्ती जळण्याचा काळ हेच बैठकीचे माप असे. आवाजी बेट, जेथे तो ओंडका लागला होता, तेच आज जपानातील बत्त्यांच्या उत्पादनाचे सर्वांत मोठे केंद्र आहे; क्योतो व साकाई येथील जुन्या पेढ्यांचीही ख्याती आहे. क्योतोची कुंग्योकुदो 1594 पासूनची, साकाईची बाइएइदो 1657 पासूनची.

निवड करताना चंदनापासून आरंभ करावा, असे आमचे मत आहे. हा गंध आपल्या सहाणेवरचा, ओळखीचा. जपानी कारागीरही आपल्या म्हैसूरकडील चंदनासच श्रेष्ठ मानतात. ओळखीच्या गंधातच बऱ्यावाईटाचा भेद लवकर कळतो. त्यानंतर जिंको असलेली बत्ती घ्यावी. तिच्यात लवंग, दालचिनी, भीमसेनी कापूर, जटामांसीच्या कुळातील ‘कान्शो’ यांची जोड असते, आणि यांतील एकेक द्रव्य आपल्या स्वयंपाकघरात वा काष्ठौषधीच्या दुकानात स्वतंत्रपणे हुंगून पाहिल्यास मिश्रण उलगडते. क्यारा शेवटी. ते वजनाला सोन्याहून महाग असते. म्हणून स्वस्त पेटीवर ‘क्यारा’ छापलेले दिसले तर ते गंधाच्या धाटणीचे नाव समजावे, घटकाचे नव्हे. न पेटविलेली बत्ती पेटीतूनच भपकारा मारीत असेल तर बहुधा ती अत्तराने वा कृत्रिम गंधद्रव्याने माखलेली असते. एका दिवशी एकच बत्ती, तीही पंख्याखाली नव्हे. ती विझल्यावर खोलीबाहेर जाऊन पुन्हा आत यावे. मागे रेंगाळणारा गंध हीच तिची खरी परीक्षा. धूर कोणताही असो, तो छातीस बाधतोच. दमेकऱ्यांच्या उपस्थितीत बत्ती लावूच नये व एरवीही एक खिडकी उघडी असावी. आमच्या विहारात वंदनेच्या वेळी पूर्वी बत्त्यांचे जुडगेच्या जुडगे पेटत आणि वृद्ध उपासिका खोकत असत. आता एकच लावतो. काहींना त्यात पूजेची कुचराई वाटली, हेही सांगितले पाहिजे.

काष्ठाची खरेदी अधिक अवघड. मुंबईत महंमद अली रस्त्यावरील अत्तरवाल्यांकडे ऊद मिळतो, पण काळा रंग व जडपणा यांवर विसंबू नये. रंगविलेले, तेलात मुरविलेले लाकूडही काळे व जड असते. एका दुकानातून आम्ही आणलेल्या तुकड्याने राखेवर ठेवताच रॉकेलासारखा वास दिला. थंड असता मंद आणि तापल्यावर पायरीपायरीने बदलत जाणारा, ही चांगल्या काष्ठाची खूण होय.

येथेच अधिक गंभीर बाब येते. अगरू हे निरोगी झाडात नसते. झाडास जखम होऊन बुरशीचा संसर्ग झाला की त्याच्या प्रतिकारार्थ खोडात राळ साठते. बाहेरून ती दिसत नाही, म्हणून राळ शोधताना कित्येक निर्दोष झाडेही तोडली गेली. आसामात ज्यास सांची म्हणतात व ज्याच्या सालीवर तेथील जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच या वृक्षाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1995 पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे; 2005 पासून अगरू देणाऱ्या सर्व जाती त्यात आल्या. 2018 मध्ये या आसामी जातीची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली. लागवडीचे अगरू आता उपलब्ध आहे. आसामात परसात ही झाडे लावण्याची रीत जुनीच आहे. त्याचा गंध वन्य काष्ठाइतका खोल नसतो, हे रसिकांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तरीही पहिले शिक्षापद उच्चारणाऱ्याने लागवडीचेच घ्यावे आणि विक्रेत्यास मूळ विचारावे.

नाराच्या तोदाइजी विहाराच्या शोसोइन कोषागारात ‘रांजाताई’ नावाचा अगरूचा ओंडका आहे : लांबी 156 सेंटिमीटर, वजन 11.6 किलो. योशिमासांनी, 1574 मध्ये ओदा नोबुनागा यांनी व 1877 मध्ये सम्राट मेइजी यांनी त्याचे लहानसे तुकडे काढून घेतले. त्या जागांवर त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटविलेल्या आहेत. बाकीचा ओंडका तसाच आहे.